आगगाडीची जयंती आणि बोरघाटातील माणसे

दर वर्षी १६ एप्रिल जवळ आला की वृत्तपत्रांतून एक ठरावीक मजकूर प्रसिद्ध होतो. १८५३ साली याच दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे देशातील पहिली प्रवासी आगगाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने, तोफांच्या एकवीस फैरी, एकवीस मैलांचा प्रवास. हा तपशील शाळकरी मुलांना तोंडपाठ असतो, स्पर्धापरीक्षांत तो विचारला जातो आणि समारंभांतील भाषणांचा प्रारंभही त्यानेच होतो. तपशील खरा आहे. परंतु एखाद्या घटनेतील कोणता भाग आपण दर वर्षी उजळतो आणि कोणता अंधारात ठेवतो, हे पाहिले म्हणजे त्या समाजाच्या इतिहासदृष्टीचा अंदाज येतो. आपली आगगाडीची जयंती पाहुण्यांच्या डब्यात बसून साजरी होते. रूळ टाकणाऱ्यांच्या बाजूने ती आजवर कोणी पाहिल्याचे दिसत नाही.

या जयंतीचे तीर्थस्थान अर्थातच बोरीबंदरची वास्तू. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने आराखडा केलेली आणि दहा वर्षांच्या कामानंतर १८८८ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारसास्थळ आहे. व्हिक्टोरिया टर्मिनस हे तिचे नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द आला. आतील कमानी, जिना आणि घुमट पाहता यावेत अशी सोय मध्य रेल्वेने गेल्या काही वर्षांत केली, हे स्तुत्यच आहे. तेथे जाणाऱ्याने दर्शनी भिंतीकडे थोडे निरखून पाहावे. प्रवेशद्वाराशी ब्रिटनचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ आहे. शिखरावर प्रगतीची मूर्ती आहे. दगडी गोलांत कंपनीच्या धुरीणांचे मुखवटे आहेत. त्यांत सर जमशेटजी जीजीभाई आणि नाना शंकरशेट हे आपले दोन थोर पुरुषही आहेत. मोर आणि माकडेसुद्धा या भिंतीवर कोरलेली आहेत. टिकाव धरलेला माणूस मात्र शोधून काढावा लागेल.

कोणी म्हणेल, राजवैभव दाखविण्यासाठी बांधलेल्या इमारतीकडून ही अपेक्षा कशाला करावी? ते मान्य. म्हणूनच ज्याला आगगाडीचा इतिहास खरोखर पाहावयाचा आहे, त्याने बोरीबंदरला एक फेरी मारून झाल्यावर खंडाळ्याची वाट धरावी, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

मुंबई-ठाणे हा मार्ग सपाट भूमीवरचा. त्याचे महत्त्व प्रारंभ म्हणून आहे; परीक्षा म्हणून नव्हे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी १८४९ मध्ये कायद्याने स्थापन झाली, ती चारशे पाहुण्यांना ठाण्याची हवा खायला नेण्यासाठी नव्हती. तिला दख्खनच्या पठारावरचा कापूस बंदराला आणावयाचा होता, आणि राज्यकर्त्यांना लष्कर त्वरेने हलवावयाचे होते. पहिली गाडी सुटल्यावर अवघ्या चौथ्या दिवशी, २० एप्रिल १८५३ रोजी, लॉर्ड डलहौसीने रेल्वेविषयीच्या आपल्या सुप्रसिद्ध टिपणावर सही केली. त्यात व्यापार आणि लष्कर ही दोन्ही प्रयोजने स्पष्ट मांडलेली आहेत. या दोहोंच्या आड उभा होता तो सह्याद्री. सह्याद्री ओलांडल्यावाचून ठाण्याच्या गाडीला फारसा अर्थ नव्हता.

जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याने आखलेली बोरघाटाची चढण सुमारे पावणेसोळा मैलांची. तेवढ्या अंतरात गाडीने अठराशे फुटांहून अधिक उंची चढावयाची होती. सर्वांत तीव्र भागात सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ होता. कठीण काळ्या पाषाणातून पंचवीस बोगदे काढावे लागले, आठ मोठे दगडी पूल दऱ्यांवर उभारावे लागले. डोंगराची सोंड अशी अरुंद की एका ठिकाणी गाडीला वळण्यास जागाच नव्हती. तेथे गाडी एका सपाटीवर आणून उभी करावयाची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडावयाचे आणि उलट दिशेने पुढची चढण चढावयाची, अशी युक्ती योजिली गेली. हेच खंडाळ्याजवळचे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’. १९२९ मध्ये विद्युतीकरणाच्या वेळी नवे बोगदे काढून मार्ग सरळ करण्यात आला, तेव्हा ते सोडून दिले गेले. त्याच्या पुढल्याच वर्षी दख्खनची राणी धावू लागली आणि इंजिन बदलण्यासाठी घाटात थांबणारी गाडी ही आजोबांच्या आठवणींतली गोष्ट झाली.

हे सारे काम कोणी केले? घाटाच्या कामाला १८५६ च्या प्रारंभी सुरुवात झाली, तेव्हा मजुरांची संख्या दहा हजारांच्या घरात होती. १८६१ च्या सुमारास ती बेचाळीस हजारांवर गेली. कोकण आणि देश या दोन्ही बाजूंनी माणसे आली. वडारांसारख्या दगडमातीच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या जमाती आल्या. शेतीचा हंगाम संपल्यावर हाताला काम नसलेले कुणबी आणि भूमिहीन आले. बायका आणि मुले पाट्या वाहात. पावसाळ्यात घाटात काम करणे अशक्य, म्हणून जूनमध्ये सारे पांगत आणि आश्विन-कार्तिकात पुन्हा जमत. कड्यांवर पाय ठेवायला जागा नसे, तेथे माणसे वरून दोराने खाली सोडून सुरुंगाची भोके पाडून घेतली जात. पहार, टिकाव, घमेले आणि बंदुकीची दारू एवढीच बहुतेक सामग्री.

आणि ही माणसे मेली. सुरुंगाने मेली, दरडीखाली मेली. पण त्याहून कितीतरी अधिक तापाने आणि पटकीने मेली. हजारोंच्या वस्त्या डोंगरउतारावर गवताच्या खोपट्यांत दाटीवाटीने राहात. पिण्याचे पाणी आणि सांडपाणी एकच. १८५९-६० च्या हंगामात साथीने असा कहर केला की कामावरचे असंख्य लोक जीव घेऊन गावाकडे पळाले. आठ वर्षांच्या कामात दगावलेल्यांची संख्या वीस हजारांच्या पुढे जात असावी, असा अंदाज रेल्वेच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी मांडलेला आहे. अंदाजच, कारण कोणत्या बोगद्यातून किती घनयार्ड दगड निघाला याचा हिशेब कंपनीच्या दप्तरात चोख आहे, माणसांचा हिशेब मात्र त्या चोखपणे कोणी ठेवला नाही.

एका मृत्यूची नोंद मात्र सर्वत्र आढळते. मुंबई-ठाणे मार्गाचे काम करणारा कंत्राटदार फेव्हिएल यानेच घाटाचेही कंत्राट घेतले होते. १८५९ मध्ये त्याने ते सोडून दिले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून येऊन काही दिवस लोटतात तोच वारला. पुढे त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट आपल्याकडे घेतले आणि अ‍ॅडमसन व क्लाउझर या अभियंत्यांकरवी तडीस नेले. परक्या देशात, पतिनिधनानंतर एका स्त्रीने दाखविलेली ही हिंमत असाधारण होती, यात शंका नाही. ती सांगितली जाते आणि सांगितली जावी. मात्र त्याच साथीच्या हंगामात त्याच डोंगरावर विधवा झालेल्या इतर स्त्रियांची संख्या किती असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

फेव्हिएलने काम सोडले त्या वर्षीची एक घटना मराठी वाचकाला फारशी ठाऊक नाही. ती ठाऊक असावयास हवी. जानेवारी १८५९ मध्ये घाटातील मजुरांनी दंगा केला. कारण साधे होते. मजुरी वेळेवर मिळत नव्हती. कंत्राटदाराखाली उपकंत्राटदार, त्याखाली मुकादम, अशी उतरंड होती. प्रत्येक पायरीवर पैसा अडे आणि तळाशी असलेल्या माणसाच्या हाती आठवडे लोटले तरी काही पडत नसे. संतापलेल्या जमावाने युरोपीय देखरेख्यांवर हल्ला केला. त्यात एक युरोपीय मृत्युमुखी पडला. सरकारने चौकशी केली, आणि पुढील वर्षी १८६० चा नववा कायदा संमत झाला. रेल्वे, कालवे आदी सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने त्वरित निकालात काढावेत, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे तक्रार निराधार नव्हती, हे राज्यकर्त्यांनी कायद्यानेच कबूल केले. परंतु त्याच कायद्याने करार मोडून काम सोडणारा मजूर फौजदारी गुन्हेगार ठरविला! पटकीला भिऊन पळणाऱ्यालाही तो लागू करता येणार होता. आपल्या देशातील कामगारविषयक कायद्यांच्या इतिहासात अगदी आरंभीचे स्थान असलेला हा कायदा १९३२ मध्ये रद्द झाला. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ तो पुस्तकात राहिला. त्याचा उगम खंडाळ्याच्या कड्यांत आहे. संपाच्या आणि मजूर चळवळीच्या इतिहासाचा आरंभ आपण बहुधा गिरणगावापासून करतो. ती सुरुवात थोडी मागे आणि बरीच उंचावर न्यावी लागेल.

एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी घाटमार्गाचे उद्‌घाटन केले. त्यापूर्वी पाच वर्षे पुण्याला जाणारा प्रवासी खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट चढत असे आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसे. उद्‌घाटनानंतर चार वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, महू की मळीचा मोठा पूल कोसळला आणि पुन्हा बांधावा लागला. या खर्चाची झळ लंडनच्या भागधारकाला लागली नाही. त्याला पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून दिली जाई. शेतसारा देणारा आणि दगड फोडणारा हे दोघे बहुधा एकाच घरचे असत.

इतके सांगितल्यावर एक नेहमीचा वाद पुढे येतो. एक पक्ष म्हणतो, इंग्रजांनी आम्हाला आगगाडी दिली. दुसरा म्हणतो, त्यांनी ती लुटीसाठी आणली. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पुराव्याला अधिक धरून आहे, असे माझे मत आहे. परंतु या वादात दोन्ही पक्षांचे कर्तेपण इंग्रजांकडेच राहते. त्यांनी दिली किंवा त्यांनी लुटले. बांधली कोणी हा प्रश्न दोघांच्याही बोलण्यात येत नाही. अलीकडे यात तिसरी भर पडली आहे, ती नावांची. मुंबईतील काही स्थानकांची इंग्रजी नावे बदलण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. परकी नावे जावीत यात वावगे काही नाही. पण नाव बदलल्याने पाटी बदलते; त्या पाटीखालून जाणाऱ्याला आपल्या पूर्वजांविषयी नवे काही कळतेच असे नाही.

या बाबतीत अमेरिकेतील एक उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. युटा राज्यातील प्रॉमंटरी समिट येथे १० मे १८६९ रोजी पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ एकत्र जोडले गेले व खंडपार लोहमार्ग पूर्ण झाला. समोरासमोर उभी दोन इंजिने, हस्तांदोलन करणारे अभियंते आणि भोवतीची गर्दी, हे त्या दिवसाचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. पश्चिमेकडचा मार्ग सिएरा नेवाडाच्या बर्फातून आणि कातळातून काढला तो मुख्यत्वे चिनी मजुरांनी; एकूण वीस हजारांपर्यंत चिनी त्या कामावर होते. जून १८६७ मध्ये समान वेतनासाठी त्यांनी संप केला; कंपनीने शिधा तोडून तो मोडला. त्या सुप्रसिद्ध छायाचित्रात हे मजूर शोधून सापडणे कठीण. १८८२ मध्ये तर चिनी मजुरांना देशात येण्यास कायद्यानेच बंदी झाली.

प्रॉमंटरीही आपल्या रिव्हर्सिंग स्टेशनप्रमाणे कालांतराने मुख्य मार्गापासून बाजूला पडले. १९४२ मध्ये युद्धासाठी तेथले जुने रूळ उखडून नेण्यात आले. पण ते ठिकाण नंतर राष्ट्रीय स्मारक म्हणून जपले गेले, थोडे रूळ पुन्हा टाकले गेले, दोन्ही इंजिनांच्या हुबेहूब प्रतिकृती करून १९७९ मध्ये तेथे आणल्या गेल्या. १९६९ च्या शताब्दी समारंभात केंद्रीय वाहतूकमंत्र्यांनी अमेरिकनांच्या पराक्रमाचे गोडवे गायिले आणि चिन्यांचा उल्लेखही केला नाही. हा अपमान तेथील चिनी समाज विसरला नाही. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत वंशजांनी घरांतील आठवणी गोळा केल्या, पुरातत्त्वज्ञांनी जुन्या छावण्यांच्या जागी भांड्यांचे तुकडे वेचले, स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१२ मध्ये स्वतंत्र संशोधनप्रकल्प हाती घेतला. त्या मजुरांपैकी कोणाचे पत्र वा रोजनिशी संशोधकांच्या हाती लागली नव्हती; तेव्हा वेतनपत्रके, जहाजांच्या नोंदी आणि वृत्तपत्रे यांवरून त्यांचे जीवन उभे केले गेले. २०१४ मध्ये अमेरिकी मजूर खात्याने या मजुरांना आपल्या सन्मानदालनात स्थान दिले. २०१९ च्या दीडशेव्या वर्षी प्रॉमंटरीला वंशज व्यासपीठावर होते, आणि भाषण करणाऱ्या वाहतूकमंत्री स्वतः चिनी वंशाच्या होत्या. अमेरिकेच्या साऱ्या दांभिकपणाची मला कल्पना आहे. तरीही एका समारंभाचा आशय पन्नास वर्षांत बदलता येतो, हे तेथे सिद्ध झाले.

आपल्याकडे खंडाळ्याला काय आहे? पावसाळ्यात लोणावळा-खंडाळ्याला लोटणाऱ्या गर्दीला कोणी विचारावे, की तुम्ही ज्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजता, ते कशासाठी बांधले? वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेने ते बांधले, हे सांगणारा हजारांत एक मिळेल. घाटातील जुना अमृतांजन पूल द्रुतगती मार्गाच्या वाहतुकीला अडचण होतो म्हणून एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीने रस्ता ओस पडला असताना, सुरुंग लावून पाडण्यात आला. अपघात टळावेत हे कारण खोटे नव्हते. परंतु घाटातील जुन्या बांधकामांपैकी काय राखावयाचे आणि का, याची यादी आधी कोणी केली होती, असे दिसले नाही. बोरीबंदरच्या इमारतीचा एक चिरा निखळला तर ओरड होते. घाटातला चिरा कोणाचाच नाही.

यावर रेल्वेकडून येऊ शकणारे उत्तर ठाऊक आहे. घाटातील मार्ग वाहता आहे. कर्जतला मागे जोडलेल्या इंजिनांच्या जोरावर गाड्या तेथून रात्रंदिवस चढतात. तेथे पर्यटकांना फिरू देणे धोक्याचे आहे. हे बरोबरच आहे आणि तसे कोणी मागतही नाही. १९२९ मध्ये सोडलेला जुना मार्ग चालत्या रुळांपासून वेगळा आहे, आणि जे सांगावयाचे आहे ते खंडाळा स्थानकाच्या आवारातही सांगता येईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या अनामिक मजुरांसाठी आता शिळा उभारून कोणाच्या ताटात काय पडणार?

हा आक्षेप घेणाऱ्यांनी ८ मे २०२० ची पहाट आठवावी. जालन्यातील काम बंद पडल्याने मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे निघालेले मजूर लोहमार्गाने पायी भुसावळच्या दिशेने चालले होते. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने ते करमाडजवळ रुळांवरच झोपी गेले आणि मालगाडीखाली सोळा जण ठार झाले. त्यांची नावे छापून आली, आणि काही आठवड्यांत सर्वांच्या विस्मृतीत गेली. कंत्राटदार, उपकंत्राटदार, मुकादम ही १८५९ ची उतरंड आजही बांधकामांवर जशीच्या तशी आढळते, आणि थकलेल्या मजुरीची तक्रारही. लोहमार्गाची निगा राखणारा गँगमन आज ‘ट्रॅक मेंटेनर’ झाला आहे. कामावर असताना गाडीखाली सापडून मरणे त्याचे चुकलेले नाही. ज्या समाजाला बोरघाटातील वीस हजारांचे विस्मरण सहज पचते, त्याला सोळांचे विस्मरण पचण्यास कितीसा वेळ लागणार?

करावयाचे काय, हे फार खर्चिक नाही. खंडाळा स्थानकावर एक लहानसे दालन असावे; त्यात घाटाचा नकाशा, बर्कलीचे आराखडे आणि वापरातली हत्यारे असावीत. मराठीत, ठळक अक्षरांत, १८५९ चा दंगा आणि १८६० चा कायदा यांची हकिगत लिहिलेली असावी. मुंबईच्या पुराभिलेखागारात त्या काळच्या सरकारी दप्तरांचा मोठा साठा आहे. चौकशीची कागदपत्रे आणि अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार धुंडाळून त्यांतून मजुरांची गावे, जाती, मजुरीचे दर, साथीचे आकडे काढणे, हा मुंबई आणि पुणे विद्यापीठांच्या इतिहास विभागांतील चार-दोन विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचा विषय आहे. मावळ आणि कर्जत-खालापूर भागांतील गावांतून, वडार वस्त्यांतून, घाटाच्या कामाविषयी अजून काही सांगितले जाते का, हे तेथल्याच शिक्षकांनी विचारून लिहून ठेवावे. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची आवश्यकता नाही. बोरीबंदरची शैक्षणिक सहल काढणाऱ्या शाळांनी तीच सहल कर्जतवरून खंडाळ्यापर्यंत न्यावी, आणि पळसदरी सुटल्यावर मुलांना खिडकीबाहेर पाहून बोगदे मोजावयास सांगावे. १६ एप्रिलच्या समारंभास जोडूनच, २१ एप्रिलपर्यंतच्या आठवड्यात, घाटमार्गाचे स्मरण करता येण्यासारखे आहे. २०२८ मध्ये पहिल्या गाडीला पावणेदोनशे वर्षे होतील. रेल्वे तो सोहळा थाटाने साजरा करील, टपाल तिकिटे निघतील, इंजिने हारांनी सजतील. त्या वेळी पाहुण्यांच्या यादीत खंडाळ्याच्या बाजूचे कोणी असावे की नाही, हे ठरविण्यास अद्याप पुरेसा अवधी आहे.